दोन लहान विमानतळांमधले अंतर आणि उड्डाणाचा वेळ: भागाकाराने वेळ का निघत नाही

क्षितिजरेषा (धागालेखक)

दोन प्रादेशिक विमानतळांमधले अंतर कुठल्याही संकेतस्थळावर एका टिचकीत मिळते. त्याच्याच शेजारी 'उड्डाणाचा वेळ' म्हणून एक आकडा असतो, आणि वेळापत्रकातला वेळ त्याच्या जवळपास दुप्पट दिसतो. अंतर बरोबर असते, वेळ मात्र चुकलेला असतो, कारण अंतराला ८०० किंवा ८५० किमी प्रतितास अशा एखाद्या वेगाने भागून तो काढलेला असतो. लांब पल्ल्याला हे कसेबसे चालते. तास-दीड तासाच्या उड्डाणाला अजिबात चालत नाही.

चर्चेसाठी एक काल्पनिक जोडी घेऊ. विमानतळ 'अ': ४५°००′ उत्तर, १०°००′ पूर्व. विमानतळ 'ब': ४७°३०′ उत्तर, १५°००′ पूर्व. दोन्ही समुद्रसपाटीच्या आसपास आणि दोन्हीकडे एकच धावपट्टी. आधी अंतर काढू, मग वेळेकडे वळू.

जाणकारांनी आकड्यांसकट लिहावे. 'साधारण इतका लागतो' यापेक्षा तो तेवढाच का लागतो, हे महत्त्वाचे आहे.

उत्तरायण

अंतरापासून सुरुवात करतो.

एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी, आणि अक्षांशाचा एक मिनिट जवळजवळ एक सागरी मैल भरतो. अक्षांशातला फरक २.५° आहे, म्हणजे १५० मिनिटे, म्हणजे १५० सागरी मैल. रेखांशातला फरक ५° म्हणजे ३०० मिनिटे. पण रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून ३०० ला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचे. मधला अक्षांश ४६.२५°, त्याचा कोसाइन ०.६९१५, गुणाकार २०७.५ सागरी मैल. आता १५० आणि २०७.५ या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू धरल्या की कर्ण येतो २५६ सागरी मैल, म्हणजे ४७४ किमी.

हॅव्हरसाइन सूत्राने (गोलावरच्या दोन बिंदूंमधले अंतर काढायचे सूत्र), पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी धरून, उत्तर ४७४.३ किमी येते. म्हणजे एवढ्या अंतराला कागद-पेन्सिलही पुरते. कोसाइन विसरलात तर मात्र ३३५ सागरी मैल येतील, ६२१ किमी. चूक ३० टक्क्यांहून जास्त, आणि आकडा दिसायला पटण्यासारखा असल्यामुळे ती लवकर ध्यानात येत नाही.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांपाशी चपटी आहे. त्यासाठी डब्ल्यूजीएस-८४ या लंबगोलावर गणित करतात. गोलाच्या उत्तरात आणि त्यात साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत फरक पडतो, इथे फार तर दोन-अडीच किमी. वेळेच्या हिशेबात अर्धा मिनिटसुद्धा नाही, तेव्हा त्यात जीव अडकवू नये.

चौकट

स्प्रेडशीटमध्ये हेच करणाऱ्यांनी पाच ठिकाणी जपावे.

अंश-मिनिटे आणि दशांश अंश यांची गल्लत फार होते. ४५°३०′ म्हणजे ४५.५०, ४५.३० नव्हे. एवढ्याने विमानतळ १२ सागरी मैल सरकतो. विमानतळाचा अधिकृत संदर्भबिंदू त्या देशाच्या वैमानिकी माहिती प्रकाशनात अंश, मिनिटे आणि सेकंद असा दिलेला असतो. सेकंदांना ३६०० ने आणि मिनिटांना ६० ने भागून बेरीज करा.

साइन-कोसाइनला कोन रेडियनमध्ये लागतो. अंश तसेच दिले तर शीट त्रुटी दाखवत नाही, फक्त भलतेच उत्तर देते.

'एटॅन२' (दोन बाजूंवरून कोन काढणारे फंक्शन) वापरत असाल तर क्रम तपासा. एक्सेल आधी क्ष मागते आणि मग य. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत उलटे, आधी य मग क्ष. जालावरचा कोड जसाच्या तसा शीटमध्ये उतरवला की अंतर कोसळते ते इथेच.

पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे लिहायचे. काही नकाशा सेवा आधी रेखांश देतात आणि मग अक्षांश, तेही बघून घ्या.

आणि 'एकॉस'वाले (कोसाइनवरून कोन काढणारे) छोटे सूत्र अगदी जवळच्या दोन बिंदूंसाठी टाळलेले बरे. कोन लहान झाला की कोसाइन १ ला चिकटतो आणि अचूकता जाते. हॅव्हरसाइनला हा त्रास नाही.

सहावे_आसन

त्याही आधी विमानतळ बरोबर निवडला आहे का ते बघा. एकाच नावाची दोन शहरे असतात. सॅन होजे अमेरिकेतही आहे आणि कोस्टा रिकातही. पहिल्याचा कोड एस-जे-सी, दुसऱ्याचा एस-जे-ओ. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे आणि अलाबामातही. सिडनी कॅनडातही आहे. शहराच्या नावावरून अंतर काढणारी साधने अशा वेळी मोठ्या शहराकडे झुकतात. शहराचा मध्य आणि विमानतळ यांतही २०-३० किमी सहज निघतात. छोट्या पल्ल्यात ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

तीन अक्षरी आयाटा कोड तिकिटांसाठी असतो, चार अक्षरी इकाओ कोड उड्डाण-आराखड्यासाठी. गणिताला दुसरा घ्या, गोंधळ कमी होतो.

वातकुक्कुट

अंतर झाले. आता वेळ. आणि धाग्याचा खरा विषय हाच आहे.

पहिली गोष्ट, विमान २५६ सागरी मैल उडत नाही. उड्डाणानंतर धावपट्टीच्या दिशेने सरळ चढायचे, ठरलेल्या निर्गमन मार्गाने वळायचे, मग हवाईमार्गाला लागायचे, शेवटी आगमन मार्गाने फिरून अंतिम टप्प्यावर यायचे. यात १५ ते २० सागरी मैल जातातच. आपल्या जोडीला मी १८ धरतो, म्हणजे मार्ग २७४ सागरी मैल. टक्केवारीत ७. पण ही टक्केवारी दुसऱ्या जोडीला लावू नका, कारण यातला बराच भाग पल्ल्यावर अवलंबून नसतो. १०० सागरी मैलांच्या उड्डाणालाही तेवढेच १५-२० मैल लागतात आणि तिथे ते १५-२० टक्के होतात.

दुसरी गोष्ट, वेग. एटीआर ७२ जातीच्या टर्बोप्रॉप (फिरत्या पात्यांच्या) विमानाचा क्रूझमधला, म्हणजे चढण संपून एका उंचीवर सरळ उडतानाचा, खरा वेग साधारण २७५ नॉट (तासाला २७५ सागरी मैल), म्हणजे ५१० किमी प्रतितास. १७-१९ हजार फुटांवर कॉकपिटमधला वेगमापक मात्र २०५ नॉटच्या आसपास दाखवतो. हवा विरळ असल्याने दर हजार फुटांना सुमारे २ टक्के भर घालून खरा वेग मिळतो. गणितात दाखवलेला वेग घालू नका, खरा घाला.

आता टप्पे, शांत हवेत:

चढण, १९ हजार फुटांपर्यंत: १६ मिनिटे, ५५ सागरी मैल.
क्रूझ: उरलेले १४९ सागरी मैल, २७५ नॉटने साडेबत्तीस मिनिटे.
उतरण आणि अंतिम टप्पा: ७० सागरी मैल, १९ मिनिटे.

हवेतला वेळ साडेसदुसष्ट मिनिटे. उतरणीचे ७० कुठून आले? दर हजार फुटांना ३ सागरी मैल हा वैमानिकांचा जुना ठोकताळा. १९ गुणिले ३ म्हणजे ५७, आणि वेग कमी करून, चाके-फ्लॅप काढून धावपट्टीशी रांगेत यायला आणखी १०-१५.

जमिनीवर सुटताना ८ आणि पोचल्यावर ४ मिनिटे धरा. एकूण ८० मिनिटे. भागाकारवाले संकेतस्थळ ४७४ ला ८०० ने भागून ३६ मिनिटे सांगते.

धुमकेतू

वातकुक्कुट यांच्या हिशेबातून एक सोपे सूत्र निघते, ते मांडतो.

चढणीचे ५५ मैल (धाग्यात नुसते मैल म्हणजे सागरी मैल) क्रूझच्या वेगाने कापले असते तर १२ मिनिटे लागली असती, प्रत्यक्षात १६ लागली. तोटा ४ मिनिटे. उतरणीत ७० मैलांना सव्वापंधरा लागली असती, लागली १९. तोटा पावणेचार. जमिनीवरची १२ मिनिटे मिळवली की जवळजवळ २० मिनिटे स्थिर खर्च होतो, पल्ला कितीही असो. म्हणून:

टर्बोप्रॉपचा ब्लॉक वेळ (हवेतला आणि जमिनीवरचा मिळून) = २० मिनिटे + मार्गाचे सागरी मैल × ६० ÷ २७५

हेच जेटला लावू. ३१ हजार फुटांपर्यंत चढण १८ मिनिटे आणि १०५ मैल, उतरण २२ मिनिटे आणि १०५ मैल, मध्ये फक्त ६४ मैल क्रूझ. ४५० नॉटने त्याला साडेआठ मिनिटे. हवेत साडेअठ्ठेचाळीस, जमिनीवर १२, एकूण एक तास. जेटचा स्थिर खर्च २४ मिनिटे पडतो. खालच्या थरांत त्याला आवर घालावा लागतो. बऱ्याच देशांत १० हजार फुटांखाली २५० नॉटची दाखवलेल्या वेगाची मर्यादा असते. टर्बोप्रॉपला तिचा जाच नाही, जेटला आहे.

जेट क्रूझमध्ये ६० टक्क्यांहून अधिक वेगवान, पण या जोडीवर प्रवाशाचे वाचतात २० मिनिटे. १५० मैलांच्या मार्गावर तर जेट ३१ हजार फूट गाठतच नाही, कारण चढण आणि उतरण मिळूनच २१० मैल लागतात. त्याला खालीच राहावे लागते आणि फरक सात-आठ मिनिटांवर येतो. ५०० मैलांवर तोच ३८ मिनिटे होतो. लहान पल्ल्यांवर टर्बोप्रॉप टिकून आहेत त्यामागे इंधनाइतकेच हे गणितही आहे.

क्षितिजरेषा

हे २० आणि २४ चे आकडे अतिशय उपयोगी आहेत. दोन प्रश्न. वाऱ्याने यात किती फरक पडतो? आणि पूर्वेकडे जाताना वेळ कमी लागतो तो पृथ्वीच्या फिरण्यामुळे, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. त्यात तथ्य आहे का?

वातकुक्कुट

दुसऱ्याचे उत्तर आधी: नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान हवेत उडते. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. मध्य अक्षांशांत वरच्या थरांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा झोत वाहतो, पूर्वेला जाणाऱ्याला तो पाठीशी मिळतो. पण तो ३० ते ४० हजार फुटांच्या पट्ट्यात सर्वांत जोरदार असतो. एटीआरची कमाल उंची २५ हजार फूट, नेहमीचे उडणे त्याहून खाली. त्यामुळे त्याला झोताची थेट धार कमी लागते. मात्र त्याचा स्वतःचा वेग कमी असल्याने तेवढाच वारा त्याला जास्त जाणवतो.

१४९ मैलांच्या क्रूझवर ३० नॉटचा समोरचा वारा असेल तर जमिनीसापेक्ष वेग २४५ नॉट आणि वेळ साडेछत्तीस मिनिटे. पाठीमागून असेल तर ३०५ नॉट, सव्वाएकोणतीस मिनिटे. जाण्या-येण्यात सात मिनिटांचा फरक. वारा ६० नॉट झाला की साडेएक्केचाळीस आणि पावणेसत्तावीस.

जाताना गेले ते येताना परत मिळते, हा समज खरा नाही. ६० नॉट वाऱ्यात दोन्ही बाजूंचे क्रूझ मिळून ६८ मिनिटे होतात, शांत हवेत ती ६५ असती. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, सुलट्यात कमी, म्हणून तोटा नेहमी फायद्याहून मोठा. एकाच दिवशी चार फेऱ्या करणाऱ्या विमानाचे वेळापत्रक असे मिनिटा-मिनिटाने ढासळते.

आडवा वाराही फुकट नसतो. बरोबर काटकोनात ६० नॉट असेल तर नाक साडेबारा अंश वाऱ्याकडे वळवावे लागते आणि वेग २७५ वरून २६८ वर येतो.

बिनतारी

उंचीबद्दल थोडे. 'अ'कडून 'ब'कडे सुरुवातीची दिशा ५२° येते, म्हणजे पूर्व अर्ध. नेहमीच्या नियमाने चुंबकीय ०° ते १७९° दिशेला विषम स्तर: १७, १९, २१ हजार. परतीला सम: १८, २०. काही देशांत ही विभागणी पूर्व-पश्चिम नसून उत्तर-दक्षिण असते, तिथले नियम बघावेत. जाण्या-येण्याची उंची वेगळी म्हणून वारा वेगळा, म्हणून दोन्ही वेळा नुसते चिन्ह बदलून काढू नयेत.

बृहद्‌वृत्तावर (गोलावरची सर्वांत जवळची वाट) दिशा वाटेत बदलत जाते. इथे पोचताना ती ५६° च्या आसपास असते. एवढ्या पल्ल्यात बृहद्‌वृत्त आणि सरळ एका दिशेची रेषा यांच्या लांबीत काही फरक उरत नाही. 'सपाट नकाशा फसवतो' हे म्हणणे हजारो किलोमीटरच्या मार्गांसाठी खरे आहे, इथे ते गैरलागू.

उकाड्यात चढण लांबते. हवा पातळ, इंजिनाची ताकद कमी, भरलेले टर्बोप्रॉप १९ हजारांऐवजी १७ वरच थांबणे पसंत करते. ढगांत बर्फ धरत असेल तर किमान वेग वाढवावा लागतो आणि चढण मंदावते. अशा दिवशी चढणीच्या १६ मिनिटांची २० सहज होतात.

धुमकेतू

जमिनीवरच्या १२ मिनिटांबद्दल एक भर, लहान विमानतळांवर तीच सर्वांत बेभरवशाची.

बऱ्याच ठिकाणी समांतर टॅक्सीमार्ग (धावपट्टीशेजारून विमान चालवायचा रस्ता) नसतो. विमानाला धावपट्टीवरूनच टोकापर्यंत चालत जाऊन, तिथे वळून उड्डाण घ्यावे लागते. यात तीन ते पाच मिनिटे जातात आणि तेवढा वेळ धावपट्टी अडलेली, म्हणून येणारे विमान वर घिरट्या घालते. वारा फिरला आणि दुसऱ्या टोकाकडून उतरायचे ठरले तर १०-१५ मैलांचा वळसा, म्हणजे आणखी चार-पाच मिनिटे. इमारतीसमोर थांबायची जागा एकच असेल आणि तिथे आधीचे विमान उभे असेल, तर पोचूनही दार उघडत नाही.

म्हणून एकाच जोडीचा वेळ दोन ऋतूंत वेगळा छापला जातो. कंपन्या मागच्या हंगामाच्या प्रत्यक्ष नोंदी बघून वेळ ठरवतात, आणि पाचच्या पटीत गोल करतात. आपल्या ८० मिनिटांचे वेळापत्रकात १ तास २५ मिनिटे होणे अगदी स्वाभाविक आहे. याला उगाच फुगवलेला वेळ म्हणणे अन्याय आहे. ८० छापले तर जरा वारा विरुद्ध झाला की त्या विमानाच्या दिवसभराच्या सगळ्या फेऱ्या उशिरा धावतील.

सहावे_आसन

ब्लॉक वेळ म्हणजे नक्की कुठून कुठवर हे कुणीच लिहिले नाही, म्हणून: चाकांची अडण काढून विमान जागेवरून हलले की सुरू, पोचून जागेवर थांबले की संपला. हवेतला वेळ म्हणजे चाके जमीन सोडण्यापासून टेकेपर्यंत. विमानाचा माग दाखवणाऱ्या ॲपमध्ये 'निघाले' म्हणजे यांतले कोणते, ते प्रत्येक ॲपचे वेगळे. शिवाय लहान विमानतळाजवळ डोंगर असले तर शेवटचे काही हजार फूट संकेत मिळत नाही आणि ॲप उतरण्याची वेळ अंदाजाने टाकते. वेळा जमवताना अशा नोंदी वेगळ्या काढा.

स्थानिक वेळेचा घोळही आहेच. समजा 'अ' एक तास मागे आहे. १०:१० ला निघून १२:३५ ला पोचलेले विमान २ तास २५ मिनिटे उडाल्यासारखे वाटते, परतीला १३:०५ ला निघून १३:३० ला पोचते म्हणजे २५ मिनिटे! दोन्ही खरे म्हणजे १ तास २५ मिनिटे. आधी दोन्ही वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आणा. उन्हाळी वेळेचा बदल सगळे देश एकाच तारखेला करत नाहीत, आणि नेपाळसारखा देश ५ तास ४५ मिनिटांनी पुढे असतो, म्हणून पूर्ण तास गृहीत धरू नका.

चौकट

अंतराचा आकडा कुठे कायद्याने लागतो, तेही इथे असू द्या. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमात विलंबाच्या भरपाईचे टप्पे १५०० आणि ३५०० किमी असे आहेत आणि अंतर बृहद्‌वृत्ताने मोजायचे असे स्पष्ट लिहिले आहे. विमान बदलून केलेल्या प्रवासात पहिल्या निर्गमनापासून शेवटच्या मुक्कामापर्यंतचे सरळ अंतर धरायचे, मधल्या वळशाचे नाही, हे युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. प्रत्यक्ष उडालेले मैल तिथे उपयोगाचे नाहीत.

आणि मैलांचे एकक बघा. जमिनीचा मैल १.६०९ किमी, सागरी १.८५२. फरक १५ टक्के. मैलाच्या आकड्याखाली कोणता मैल हे लिहिलेले नसेल तर तो आकडा घेऊच नका.

क्षितिजरेषा

इंधनाच्या हिशेबात यातला कोणता वेळ धरायचा? ब्लॉक की हवेतला?

बिनतारी

दोन्ही, पण वेगवेगळ्या खान्यांत. टॅक्सीचे, म्हणजे जमिनीवर चालण्याचे, इंधन वेगळे. मार्गाचे इंधन हवेतल्या वेळेचे, एटीआर ७२ ला या जोडीसाठी साधारण आठशे किलो. त्यावर आकस्मिक इंधन, नेहमीच्या नियमाने मार्गाच्या इंधनाचे ५ टक्के, पण घिरट्यांच्या पाच मिनिटांपेक्षा कमी नाही. छोट्या उड्डाणाला ५ टक्के म्हणजे ४० किलोच, म्हणून इथे बहुधा पाच मिनिटांची अट लागू पडते. त्यानंतर पर्यायी विमानतळापर्यंतचे ('ब'ला उतरता आले नाही तर जायचे तिथवरचे), आणि शेवटी टर्बाइन विमानांसाठी १५०० फुटांवर ३० मिनिटे घिरट्या घालता येतील इतके राखीव, ज्याला हात लावायचा नसतो.

'ब'ला एकच धावपट्टी आहे, म्हणून पर्यायी विमानतळ किती दूर, हा प्रश्न इथे 'अ'-'ब' अंतराइतकाच महत्त्वाचा. तो १२० मैलांवर असेल तर वाहून न्यायचे इंधन वाढते आणि भरलेल्या विमानात तेवढे सामान किंवा प्रवासी कमी करावे लागतात. अशा जोड्यांचा तक्ता करत असाल तर त्यात प्रत्येक विमानतळापुढे जवळच्या पर्यायाचे अंतर असा एक रकाना ठेवा, आणि तेही त्याच कोसाइनच्या रीतीने काढा.